माझ्या कानातला पंप

बोईसर,
१४ फेब्रुवारी १९६६

ती. खंडेरावदादा यांस भगवंताचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. माईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल, कांदा बरा निघाला असेल. तुमच्या भगिनी दिवाळीपासून माहेरी आहेत, त्यांची प्रकृती उत्तमच असणार. (विचारत नाही, नुसतं लिहितो. मुरबे गावच्या नवसी कोळणीने दिलेली सुक्या बोंबलांची माळ त्यांनी आमच्या खोलीत टांगली आणि मी ती वासापायी बाहेर फेकली, एवढ्यावरून कोणी चार महिने माहेरी बसतं का, हेही विचारत नाही.)

पत्रास कारण झुंबर. हा आमच्या साइटवरचा फिटर, शेजारच्या खोलीत राहतो. त्याने माझा आजार पळवला. तारापूरला वीज केंद्राच्या बांधकामावर मी स्टोअरकीपर, हे तुम्ही जाणताच. पायाच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला तिथे पंप चालू असतात. गेल्या महिन्यात माझ्या उजव्या कानाला ढुप-ढुप असा आवाज येऊ लागला. तीन नंबरचा पंप ठोके देतोय, अशी मी लेखी तक्रार दिली. झुंबरने पंप उघडला, काही सापडलं नाही, बंद केला. मी दुसरी तक्रार दिली. त्याने पुन्हा उघडला. तिसऱ्या तक्रारीला साहेबांनी सगळे पंप थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, अजून वाजतोय. तेवढ्यात झुंबर म्हणाला, मलाही ऐकू येतंय. मी त्याला मिठीच मारणार होतो, पण त्याने कानात बोट घातलं आणि म्हणाला, हे तर आतूनच येतंय. साहेबांनी दोघांना साइटच्या दवाखान्यात धाडलं.

डॉक्टरांनी आधी मला घेतलं. माझी नाडी धरली आणि आवाज येईल तसं टेबलावर बोट वाजवायला लावलं. ठोके नाडीशी तंतोतंत जुळले, म्हणजे पंप माझाच निघाला. मग कानामागे, मानेवर, मिटलेल्या डोळ्यावरसुद्धा नळी लावून ऐकलं. काही नाही. मानेवर दोन बोटं हलकेच दाबली तर आवाज बंद, बोटं काढली की चालू. म्हणाले, ही साधी शीर वाजतेय, घाबरू नका. डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली आणि विचारलं, रक्त कमी आहे, घरी स्वयंपाक कोण करतं? म्हटलं, मीच. म्हणाले, दिसतंय. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पाच मिनिटांत मी बाहेर.

मग झुंबर आत गेला. त्याच्या कानामागे नळी लावली आणि डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. त्याचा आवाज डॉक्टरांना ऐकू आला! मान दाबून थांबेना. कंपाउंडरने ऐकला, नर्सबाईंनी ऐकला, जेवणाच्या सुट्टीत वेल्डर लोकांची रांग लागली. मीही रांगेत उभा राहिलो, खोटं कशाला बोलू. लाकूड कापल्यासारखा खर्र-खर्र, स्वच्छ आवाज. दादा, आठ दिवस आधी आवाज मला आला, माझ्याकडे तक्रारीची नक्कल आहे. पण माझा कोणी ऐकला नाही.

पुढे त्याला जीपने मुंबईला नेलं. मानेच्या धमनीत रंगाचं औषध सोडून फोटो काढले. कानामागे एक धमनी सरळ शिरेलाच जोडली गेलीय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, तोवर खोलीवर परत धाडलाय, माणूस बरा होईल म्हणतात. मलाही त्याची काळजी वाटली. पण काळजी अर्धा दिवस टिकली, जळफळाट अजून आहे. कारण त्याची बायको साखरबाई तार मिळताच दुसऱ्या दिवशी गावाहून हजर. रोज संध्याकाळी दोघं उंबऱ्यात बसतात आणि ती त्याच्या कानामागे आपला कान लावून ऐकत राहते. येणाऱ्याजाणाऱ्याची लाज नाही. मग म्हणते, "आज जरा हळू वाजतंय." मी समोर एकटा भाकरी थापत असतो. त्याला बढती मिळाली तेव्हाही मी इतका जळलो नव्हतो.

घरात सर्वांना यथायोग्य सांगावे.

आपला,
भगवंत

ता. क. तुमच्या भगिनींना सांगा की माझाही आवाज डॉक्टरांनी ऐकला. करवतीसारखा होता म्हणावं.

ता. क. दुसरा. तसं सांगू नका. ती येईल, कान लावील, काहीच ऐकू येणार नाही, आणि या माणसाच्या आत काही नाहीच असं तिचं जुनं मत पक्कं होईल. रक्त कमी आहे एवढंच सांगा, ते खरं आहे.

ता. क. तिसरा. काल नवसी आली होती. मला पाहून म्हणाली, "बाय नाय तर तुमी खाता तरी काय? तोंड पांडरं पडलंय." तिच्याकडून बोंबलांची माळ घेतली. मैनाने ठोकलेल्या त्याच खिळ्याला टांगलीय. खोलीभर वास आहे आणि मला ते करता येत नाहीत. रविवारी सकाळच्या गाडीला मी बोईसर स्टेशनावर उभा राहतो. मैनाला सांगा.