सरांनी कधी हात उचलला नाही

बाबा,

काल दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या मोठ्याने धाकट्याचं नाक डाव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि उजव्या हाताने त्याच्या कानफटात एक ठेवून दिली. मी घरी नव्हतो. यात्रेच्या बातमीसाठी पोहरादेवीला गेलो होतो आणि तिथल्या गर्दीत एका रसवंतीच्या मागे उभा राहून, एका कानात बोट घालून, हे ऐकलं. फोन बायकोचा होता. पण ती स्वयंपाकघरात होती, तिने नुसता आवाज ऐकला होता. डोळ्यांनी पाहिलं ते आईने. मी तिला फोन द्यायला सांगितलं. "हाव रे बापा," आई म्हणाली, "नाक धरूनच मारली. तुह्या बाबाची पद्धत, बिलकुल तशीच. अन् लायना उभाच राह्यला, हलला नाई." आणि वर, "मी कायले खोटं सांगू?"

मोठा नऊ वर्षांचा आहे, धाकटा सहाचा. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणजे दोघांनी तुम्हाला पाहिलंय ते भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत. तुमचं या घरात काही उरलं नाही असं मी धरून चाललो होतो. आमचं घर वाशीममध्ये आहे, दोन खोल्या आणि पुढे एक बैठक. सकाळी सात वाजता इथे एक मोजा सापडत नसतो, दुसऱ्याला डब्यात भेंडी नको असते, व्हॅनवाला बाहेर हॉर्न वाजवत असतो आणि धाकटा अंगाला साबण लावून मोरीत गाणं म्हणत उभा असतो. त्याला वाचताना 'भ' आणि 'म' यातला फरक कळत नाही. तो 'भाकरी'ला 'माकरी' वाचतो आणि स्वतःच खदखदून हसतो. मोठा त्याच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहतो. त्या आठ्या मी ओळखायला हव्या होत्या. मला वाटलं, चष्मा लागला असेल.

हे घरात कसं आलं तेही सांगतो, कारण मी शोध घेतला. मागच्या आठवड्यात तुमचे तीन विद्यार्थी आले होते, माझ्याच वर्गातले. आता तिघांचेही केस पिकलेत. शाळेची स्मरणिका काढतायत, तुमच्यावर एक पान आहे आणि ते मी लिहावं असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला ते आठवणार नाहीत. तुम्हाला पोरांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत, फक्त हजेरीचे नंबर राहायचे. बायकोने चहा केला, आई आतून येऊन बसली, आणि पोरं बिस्किटं घेऊन पडद्याशी उभी राहिली.

"सर म्हनजे सर होते," पहिला म्हणाला. "आज जे काई आहो ते त्याइच्यामुळं. त्याइनं घडवलं आमाले."

"अन् मारलं कधी? एकदा तरी?" दुसरा. "सरांनी कधी हात उचलला नाई."

"त्याइले गरजच काय होती?" तिसऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "हा होता ना! याचा हात लय वजनदार. माह्या कानात अजून घंटी वाजते. घरी तं लायन्या भावालेबी नाई सोडलं यानं. सर दोघाइले एकच सवाल टाकत, अन् यालेच बक्षीस!"

मग त्याने करून दाखवलं. शेजारच्याचं नाक धरलं, हात मागे नेला, तो "सर, सर, माफ करा" म्हणाला, आणि सगळे हसले. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. त्यांना पोचवून मी आत आलो तर मोठ्याने विचारलं, "पप्पा, काकाला पण मारायचे तुम्ही?" मी म्हणालो, "जा, अभ्यास कर." माझं पूर्ण उत्तर तेवढंच.

तुमच्यातला शिक्षक मला या वयात फार किरकोळ वाटतो, बाबा. चाळीस पोरांचा वर्ग, हातात खडू, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत सुचलं काय, तर ज्याला येतं त्याने न येणाऱ्याचं नाक धरून कानफटात द्यायची. नाक अशासाठी की तोंड फिरवता येऊ नये. हळू मारली तर मारणाऱ्याला शिक्षा, तीही दुसऱ्या पोराकडून. तुम्ही खुर्चीत. फार तर चष्मा पुसत. गावात लोक म्हणायचे, मास्तरांची जरब आहे. जरब आमच्या हातांत होती, तुमचा खडूसुद्धा कधी मोडला नाही.

आणि हेच तुम्ही घरी आणलंत. सकाळी शाळेआधी, ओसरीवर, आई चुलीपाशी भाकरी थापत असताना. मी चौथीत, धाकटा भाऊ दुसरीत, प्रश्न एकच. "चौदा सत्ते?" मी उत्तर द्यायचो. त्याला चौदाचा पाढा कुणी शिकवलेलाच नसायचा. तो तुमच्याकडे पाहायचा, मग माझ्याकडे, आणि मग डोळे मिटून घ्यायचा. "हं," तुम्ही म्हणायचा. तेवढा एक हुंकार. मी हळू मारली तर तुम्ही वर्तमानपत्र खाली न करता म्हणायचा, "अशी लावतेत का? मले आवाज नाई आला." आईच्या भाकरीची थाप त्या वेळी थांबायची आणि परत सुरू व्हायची. तीही काही बोलली नाही, पण तिला मी सोडून देतो, कारण ती तुम्हाला घाबरायची. तुम्हाला कुणाची भीती होती? मारणाऱ्याचा तळहात चुरचुरतो, बाबा. तेवढंही तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. वर आयुष्यभर पाहुण्यांपुढे सांगत राहिलात, "म्या पोराइले कधी बोट लावलं नाई." ते खरंच होतं. तुम्ही खोटं कधी बोलला नाहीत. खोटं न बोलता कसं सुटायचं हे तुमच्याइतकं कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही, आणि माझ्या धंद्यात मी बरेच पुढारी पाहिलेत.

भाऊ दहावीला दोनदा बसला आणि मग शेतात गेला. तुम्ही म्हणालात, एक शिकला, एक कामाला आला, बरोबर वाटणी झाली. आता तो रिठदच्या बाजूला भाजीपाला लावतो, वांगी, टोमॅटो, कोथिंबीर, आणि त्याचं बरं चाललंय. तुमचं अर्धं अंग गेलं तेव्हा दोन वर्षं तुम्ही त्याच्याकडे होता. मी महिन्यातून एकदा यायचो, फळं घेऊन, परतीची गाडी ठरवून. एका सकाळी मी आलो तर तो तुमची दाढी करत होता. वरचा ओठ करताना नाक जरा वर उचलावं लागतं. त्याने दोन बोटांनी तुमचं नाक धरलं होतं आणि वस्तरा असा चालवत होता जसा कुणी तान्ह्या लेकराची नखं काढतं. "दुखलं काय बाबा?" त्याने विचारलं. तुम्ही वाकड्या तोंडाने "हं" म्हणालात. मी दारातच उभा राहिलो. आपण नाक धरलंय हे त्याच्या लक्षातही आलं नसेल. तुमच्या आलं असेल का, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, नसेल. तुम्हाला दाढी नीट झाल्याशी मतलब होता.

काल मी दिवेलागणीला घरी पोचलो. बातमी वाटेतच मोबाइलवरून पाठवली होती. मोठा पुस्तक उघडून बसला होता, पान मात्र एकच. धाकटा आजीजवळ शेंगा सोलत होता, म्हणजे खात होता.

"काहून मारलं?" मी विचारलं. रागात मी अजून गावचंच बोलतो.

"शाळा-शाळा खेळत होतो. मी सर होतो."

"मी पण सर होणार होतो," धाकटा तोंडात शेंगा घेऊन म्हणाला. "माझा नंबरच नाही आला."

"त्याला साधं आठ सक येत नाही, पप्पा."

"अरे, तो पहिलीत आहे!"

"मग काय झालं? आबा पण तर काकाला तुमचेच प्रश्न विचारायचे ना? ते अंकल म्हणाले." त्याच्या आवाजात खोडी नव्हती, उद्धटपणाही नव्हता. नियम समजला, लागू केला. बातमीदार व्हायला अगदी लायक पोरगा.

मी हात उचलला होता, हे लिहून ठेवतो. बायको मधे आली. "त्याला कशाला? त्या दिवशी ते नाक धरून दाखवत होते तेव्हा पोरगा त्यांच्याकडे पाहतच नव्हता. तुमच्या तोंडाकडे पाहत होता. तुम्ही हसलात."

"सगळेच हसले."

"सगळे त्याचे बाप नाहीत."

आई म्हणाली, "जाऊ दे वं, पोट्टे आहेत. असं होतच राह्यते घरात." तेव्हा बायकोने आईकडे जसं पाहिलं, तसं कुणी तुमच्या ओसरीवर एकदा जरी पाहिलं असतं तरी बरं झालं असतं. आईने शेंगांची टोपली उचलली आणि आत गेली.

धाकट्याच्या गालावर काही उमटलं नव्हतं. मी दिव्याखाली नेऊन पाहिलं. त्याला या पाहणीची गंमत वाटली, त्याने दुसराही गाल दाखवला. मग म्हणाला, "पप्पा, काका रडायचा का?" मी म्हणालो, आठवत नाही. तो म्हणाला, "मग मी काकालाच विचारतो. रविवारी येतोच ना तो." मोठा लगेच म्हणाला, "मी पण विचारणार." त्यांचं एकमत फार क्वचित होतं. एरवी मी त्याचा आनंद मानला असता.

स्मरणिकेचं पान शनिवारी द्यायचं आहे. ते आज सकाळी पाऊण तासात झालं. तुमची शिस्त, साधी राहणी, सायकल, वेळेवर येणं. पहिलं वाक्य, "सरांनी कधी कुणावर हात उचलला नाही." गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. असली वाक्यं लिहिण्यात माझी हयात गेली आहे आणि कुणाची तक्रार आलेली नाही. तेव्हा मला तुमचा कितीही तिटकारा असला, तरी ते पान वाचून कुणीही म्हणेल की मुलगा बापावर गेला.

हे पत्र त्या पानाच्या पाठीमागे लिहितोय. तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी तुम्ही व्याकरणाच्या चुका लाल शाईने दाखवून परत केलं असतं. पण एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही. मी सहावीत होतो, भाऊ चौथीत. तुम्ही बैठकीला रिसोडला गेला होता, आई शेतात होती. त्याच्या हातून माझ्या भोवऱ्याची आर मोडली. मी त्याला ओसरीवर उभं केलं आणि तुमच्या खुर्चीत बसून विचारलं, "सतरा नव्वे?" तो बराच वेळ ओठ हलवत राहिला, एकेपासून सगळा पाढा मनात म्हणत होता. मग म्हणाला, "एकशे त्रेपन्न." बरोबर होतं. मी म्हणालो, "चूक." मी खुर्चीतून उठलो, त्याचं नाक धरलं आणि मारली, तुम्ही ऐकली असती एवढी मोठी. त्याला नवल वाटलं नाही. पुढे काही दिवसांनी तुम्ही त्याला नेमकं तेच विचारलंत, सतरा नव्वे, आणि तो गप्प उभा राहिला. त्याला येत होतं. ते चूक आहे असं मी त्याला शिकवलं होतं. तुम्ही "हं" म्हणालात.

रविवारी पोरं विचारतील तेव्हा तो काय म्हणेल तेही मला माहीत आहे. भाजीची पिशवी खाली ठेवेल, धाकट्याला कडेवर घेईल आणि हसत म्हणेल, "मारन नाई तं काय तुहा बाप? मले काई येतच नव्हतं ना." हे तो सगळ्यांना सांगतो, स्वतःच्या बायकोला, पोरीला, बाजारात मापारी हिशेब करतो तेव्हा त्यालासुद्धा. हे खोटं आहे हे सांगू शकणारा माणूस एकच आहे, आणि त्याने अजून सांगितलेलं नाही. भाऊ अकराच्या सुमारास येतो. पोरं दहापासूनच दारात उभी राहतील.