आठवड्याला दहा खरी वाक्यं

लालबाग, मुंबई
ता. ८ नोव्हेंबर १९५७

चि. राहीस दत्तूमामाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. मॅट्रिकला सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत एकोणतीस, हे वाचून तुझी मामी म्हणाली की मामा इंग्रजी हापिसात असून पोरीला उपयोग काय. टोमणा मलाच होता, तो मी घेतला. मार्चला तू पुन्हा बसायचंस. फॉर्म मी इथूनच भरलाय, केंद्र मुंबईचं मिळेल. तोवर शिकवणी टपालानं. पास झालीस की मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाशील. दुसरं काही डोक्यात घेऊ नकोस.

तुझा पेपर एकाच ठिकाणी बुडतो. इंग्रजीत एका क्रियापदामागून दुसरं आलं की काहींना मध्ये ‘टू’ लागतो: वाँट टू गो. काहींना टू खपत नाही, ती पुढच्याला ‘इंग’ लावून घेतात: एन्जॉय गोइंग. आणि लेटसारखी दोनचार अशी आहेत की त्यांना काहीच नको: लेट हर गो. असं का, ते विचारायचं नाही. मी चौदा वर्षं विचारतोय, साहेबालाही ठाऊक नाही. आता ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’, म्हणजे ‘कळवायला वाईट वाटतं’, हे मी रोज अकरा जणांना लिहितो. अजून एकदाही वाईट वाटलेलं नाही, पण टू चुकलेला नाही.

सोबत यादी आहे. आठवड्याला दहा वाक्यं पाठव, आणि ती खरी हवीत. राजा शिकारीला गेला वगैरे नको, असलं वाक्य दुसऱ्या दिवशी विसरतं. आणि जे शिकशील ते त्याच दिवशी कुणाला तरी शिकव. कुणी नसेल तर म्हशीला शिकव.

आईला नमस्कार, तुझ्या बाबांना, रावजींना, रामराम. धाकट्यांचे पापे घे.
तुझा मामा, दत्तात्रेय


मु. रेवस
ता. २१ नोव्हेंबर १९५७

ती. मामांस राहीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

यादी पाठ झाली. म्हशीनं पहिल्याच दिवशी दावं तोडलं, म्हणून आता आईला शिकवते. ती भात कांडते आणि मी म्हणते. तिला इंग्रजीची गंमत वाटते, पण तिचं म्हणणं, आधी मला माझं नाव लिहायला शिकव, मग साहेबाचं बघू. म्हणून पाटी आणली. ‘सोनाबाई’ आलं. लेटला मागून कुणी लागत नाही हे ऐकून ती म्हणाली, बरं हाय बाई त्याचं.

घरची पत्रं पूर्वीसारखीच चालतात. तुमचं आलं की ओट्यावर बसून मी मोठ्यानं वाचते, बाबा विडी ओढत ऐकतात. आपलं जायचं असलं की आई सांगते, मी लिहिते आणि बाबा ऐकतात. इंग्रजीचा भाग आला की तेवढे उठून गोठ्यात जातात.

दहा वाक्यं सोबतच्या कागदावर. मामींना नमस्कार. चूक झाली असली तर रागावून लिहा, पण लिहा.
तुमची राही


मु. रेवस
ता. २ जानेवारी १९५८

ती. मामांस राहीचा शि. सा. न. वि. वि.

या आठवड्याची वाक्यं. डिसाईड: बाबांनी मला उरणला द्यायचं ठरवलं आहे. वाँट: उरणच्या लोकांना मिठाच्या हंगामाआधी घरात माणूस आणायचं आहे. प्रॉमिस: बाबांनी रविवारी, दोन फेब्रुवारीला सुपारी फोडायचा शब्द दिला आहे. अव्हॉइड: आई माझ्याकडे बघायचं टाळते. रिफ्यूज: मी परवा जेवायला नकार दिला. प्रिटेंड: काल मी खूश असल्याचं सोंग केलं. होप: मार्चला मुंबईस येण्याची मला आशा आहे. कीप: मी अभ्यास करत राहते. लेट: बाबा मला येऊ देणार नाहीत. इंग्रजीतून मागच्या पानावर लिहिली आहेत. एन्जॉयचं वाक्य या आठवड्यात जमलं नाही.

खालचा मजकूर आईचा. ती सांगते ते लिहिते.

‘दत्तूस आशीर्वाद. राहीला स्थळ चांगलं आलं हाय. मुलगा नामा, उरणचा, सोताची मिठागरं हायत. आमी सगळी खुशीत हाव. सुपारीला तू ये.’

हे आईनं सांगितलं तस्संच लिहिलं. बाबा ओट्यावर होते.
लोभ आटू देऊ नका.
राही


लालबाग, मुंबई
ता. ९ जानेवारी १९५८

चि. राहीस अ. उ. आशीर्वाद.

शाब्बास! एकाही ठिकाणी टू चुकला नाही. ‘रिफ्यूज टू ईट’ उत्तम. ‘अव्हॉइड’ला इंग लावलंस ते पाहून मामीला पेढा दिला. एन्जॉयचं राहिलं, म्हणून दहापैकी नऊ. पुढच्या वेळी आळस नको.

ताईला सांग, हापिसात वर्षअखेरीची कामं आहेत, सुपारीला येणं कठीण दिसतं. स्थळ चांगलं आहे ऐकून आनंद झाला. अभ्यास मात्र सोडू नकोस. बाकी सर्व क्षेम, तुमचंही तसंच असो.
मामा


रेवस
ता. २४ जानेवारी

दत्तूस ताईचा आशीरवाद.

हे मी माज्या हातानं लिवते. चुलीपाशी बसून चार दिवस लागले. राहीला सांगून लिवलं असतं तर तिचा बाप ऐकतो. माजं आयुश्यभर सगळं पत्र तोच ऐकतो. म्हणून मी अक्षर शिकले.

तू शाना हायस का येडा? पोरगी लिवते मी जेवले न्हाय, आनि तू उत्तम लिवतोस. पेढा काय वाटतोस? तुजा कागद तिनं वाचला आनि हसली. मग गोठ्यात जाऊन रडली. लाल शाई मारतोस, पोरगी काय सांगते ते वाचत न्हाईस.

मागल्या पत्रात मी खुशीत हाव म्हणाले ते खोटं. मना ती एवढ्यात देयाची न्हाय. मानूस वाईट न्हाय. पन मिठात उभं रायला माजी पोरगी कशाला?

शुक्रवारी, एकतीस तारखेला, सकाळच्या लाँचीत मी तिला बसवते. पुस्तकं पिशवीत भरली. परीक्षा होईस्तोवर ती तुज्याकडं राहील. तू भाऊच्या धक्क्यावर ऱ्हा. लाँच सुटली की तिच्या बापाला सांगीन. ओरडल. ओरडू दे. उरणच्या पाव्हण्यांनाबी मीच सांगीन. थांबायचं तर थांबतील.

राहीला गुरवारी सांगीन. तिच्या तोंडावर सगळं दिसतं. तू उघड काय लिवू नको, पत्र मोठ्यानं वाचतात. धड्यात लिव.

एक वाक्य माजंबी तपास. आय लेट हर गो.

मामीला आशीरवाद. तुज्यावर राग हाय, तो आल्यावर बघू.
सोनाबाई


लालबाग, मुंबई
ता. २७ जानेवारी १९५८

चि. राहीस अ. उ. आशीर्वाद.

सुपारीला येता येत नाही, रावजींनी राग मानू नये. या वेळी धडा पाठवतो. आईला जवळ बसवून वाच, तीही शिकते आहे असं कळलं.

आधी रिग्रेट. मी मागं याला टू लावायला सांगितलं ते कळवण्यापुरतं. झाल्या गोष्टीचं वाईट वाटलं तर याला इंग लागतं. वाक्य: आय रिग्रेट नॉट रीडिंग यू. तू लिहिलंस ते मी वाचलं नाही, याचं मला वाईट वाटतं. चौदा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच खरं लिहितो आहे.

मागच्या वेळचे तुझे नऊ मार्क मी खोडले. तिथे दहा कर.

मग शॅल. हेही लेटसारखंच, याला मागून काही लागत नाही. वाक्य शुक्रवारचं आहे: आय शॅल वेट. रजा टाकून, सकाळपासून, उभ्यानं. हे आईला दोनदा म्हणून दाखव.

आणि लेटचं एक वाक्य माझ्याकडे दुसऱ्या एका विद्यार्थिनीचं तपासायला आलं आहे. शाई लाल होती, ती मी बाजूला ठेवली. तिला सांग, बरोबर आहे. एक काना इकडचा तिकडे करायचा नाही.

रावजींना रामराम. त्यांनी काय वाचतेस विचारलं तर सांग, मामांचं नेहमीचंच, नुसती वाक्यं.
तुझा मामा, दत्तात्रेय