नाव न घेता

९ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे! अंग नुसतं खिळखिळं झालंय. आमच्या चर्चच्या मंडळीच्या चमूतल्या बाकीच्यांना प्रार्थनाघरामागची खोली, मला मात्र शिंपिणीचं घर. कारण तिला आपली भाषा येते. तरुणपणी आपल्याकडे एका घरी मुलं सांभाळायला होती. भाषा शिकली ती त्या पोरांकडूनच, त्यामुळे लहानथोर सगळ्यांना 'तू'! आमच्या पाळकसाहेबांनासुद्धा — "तू आधी हात धू, मग जेव." साहेब गुमान उठले. मला हसू आवरेना.

नवरा घुम्या. दारातल्या खुर्चीत बसून असतो, येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवून. एकच लेक, सतराअठराची. आईसारखीच भुवई उडवते.

१० नोव्हेंबर, मंगळवार

बाकीचे प्रार्थनाघर रंगवतायत. माझ्याकडे पडद्यांचं काम. शिंपीण मशीन चालवते, मी कापड ताणून धरते. माझी टीप पाहून म्हणाली, "ही टीप आहे का नदी?" उसवून पुन्हा घातली. किती दिवसांनी कुणी असं हक्कानं बोललं! घरी माझी लेक तर फोनवर "हं, हं" करते आणि ठेवून देते.

११ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी नवरा बाहेर पडला, तशी हिनं मशीन जोरात चालवायला घेतली. कापड नव्हतंच खाली! त्या खडखडाटाआड बोलत होती.

"बाप हिला ट्रकवाल्याला देतोय. म्हातारा आहे तो, तुझ्या साहेबाएवढा. माझी पोर नर्स होणार. शनिवारी हा बाजाराला गेला की हिला बसमध्ये बसवते. तिकडे माझी बहीण उतरवून घेईल."

पलंगाखाली चिंध्यांच्या ढिगामागे ट्रंक भरून तयार आहे. मला दाखवली. आत पांढरे दोन झगे, स्वतः शिवलेले. कॉलर अशी कडक, की मी बोटानं चाचपून बघितली.

"कुणाला बोलू नको."

"नाही गं बाई."

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे गोल करून बसलो. एकेकानं प्रार्थनेचा विषय सांगायचा, ही आमच्या मंडळीची जुनी रीत. कुणाचा गुडघा, कुणाचा जावई. माझी पाळी आली. मन इतकं भरलेलं होतं — सांगितलं. 'या गावात एक आई आहे...' नाव नाही घेतलं. सगळ्यांचे डोळे पाणावले. हलकं वाटलं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

पडदे झाले. उद्या निरोपाची सभा. शिंपिणीनं माझ्या फाटक्या पिशवीला न सांगता नवा बंद शिवून ठेवलाय.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

सभेला अख्खं गाव लोटलं होतं. पुढच्याच बाकावर शिंपिणीचा नवरा. दुभाषी कोण, तर त्याचाच धाकटा भाऊ. किराणावाला. तोही आपल्याकडे नोकरीला होता, आणि भाषा आपल्यालाच काय ती येते अशा ऐटीत वावरतो. साहेबांनी एकेक वाक्य म्हणायचं, यानं गावाच्या भाषेत सांगायचं.

शेवटच्या प्रार्थनेत साहेबांना भरून आलं. "प्रभू, या गावातल्या त्या आईला बळ दे. घरच्यांच्या नकळत ती उद्या आपल्या लेकीला शिकायला धाडते आहे —"

माझे डोळे खाडकन उघडले.

दीर थांबला. साहेबांकडे बघितलं. मग वहिनीकडे. ती बाकाची कड घट्ट धरून, मान खाली. मग त्यानं बोलायला सुरुवात केली. केवढं लांबलचक! मला एक अक्षर कळेना. सगळ्या माना मात्र नवऱ्याकडे वळल्या. गाव म्हणालं, "आमेन." एक म्हातारी तर त्याच्याकडे बघत दोनदा म्हणाली. सगळ्यात शेवटी तोही म्हणाला, दातांतल्या दातांत.

साहेबांना बाहेर गाठलं. "अहो, हे काय करून बसलात!"

ते गोंधळले. "का हो? मी नाव कुठं घेतलं?"

मी तरी कुठं घेतलं होतं!

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ

नवऱ्यानं पलंगाखालून ट्रंक ओढून काढली. उघडून बघितली. कुलूप घातलं, किल्ली खिशात. लेक भिंतीला टेकून उभी. मशीन बंद. शिंपीण माझ्या ताटात वाढते, पण माझ्याकडे बघत नाही.

सकाळी आमची गाडी निघणार. मी जाईन. ही कुठं जाईल?

१४ नोव्हेंबर, शनिवार

बसथांब्यावर नवरा. खांद्यावर ट्रंक! मागे लेक. लोक त्याचे हात हातात घेतायत, पाठ थोपटतायत. शिंपीण सगळ्यांच्या मागे. तिला कुणी विचारत नाही.

दीर माझ्याजवळ सरकला. "तुमच्या साहेबांच्या प्रार्थनेत मी आईच्या जागी बाप घातला. म्हटलं, देवा, माझ्या भावाचं भलं कर, लेकीला शिकायला धाडतोय. गावानं आमेन म्हटल्यावर तो कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?"

"पोरीसाठी केलंत?"

"छे! घराची अब्रू जात होती."

लेकीची बस हलली. मी रडत शिंपिणीचा हात धरला. "ऐकलं गं देवानं!"

तिनं हात सोडवून घेतला.

"माझ्यासाठी परत प्रार्थना करू नको तू."