टिकुऱ्याचे महाराज झाडावरून उतरले त्याची हकिकत

तीर्थस्वरूप जीजाजींच्या चरणी लाला रामगुलाम याचा साष्टांग दंडवत. तुमचा दमा आणि जिज्जीचे गुडघे यांत सध्या कोण पुढे आहे ते कळवावे. इकडे मी खुशाल आहे. नोकरी मात्र खुशाल नाही.

तुम्ही जाणताच, आमच्या महाराज गुमानजूंना मूल नाही आणि दत्तक घेतला तर कंपनी सरकार तो मानत नाही. महाराजांनी डोळे मिटले की टिकुरा खालसा. म्हणून छावणीतले एजंटसाहेब दर पंधरवड्याला त्यांच्या प्रकृतीची चौकशी करायला येतात. इतक्या मायेने पोटचा मुलगाही विचारणार नाही. मागच्या खेपेला तर मडमेने पडद्यांसाठी दिवाणखान्याच्या खिडक्या मापून नेल्या. (फीत महाराजांनीच धरली होती. पाहुण्याला नाही म्हणायची त्यांच्या घराण्यात रीत नाही.) शेवटी दिवाण या नात्याने मी सुचवले, की महाराज ठणठणीत आहेत हे साहेबाला एकदा डोळ्यांनी दिसू द्या. सल्ला चांगला होता, हे मी आजही म्हणतो.

महाराजांनी तो फारच मनावर घेतला. साहेबाची बग्गी फाटकात दिसताच धोतर खोचून ते बागेतल्या जांभळावर चढले. साठी उलटलेली, आणि देह असा की दसऱ्याला हत्तीसुद्धा त्यांना पाहून तोंड फिरवतो. चढले खरे, पण उतरता येईना. साहेबाने बुंध्याशी खुर्ची मांडली, चहा मागवला आणि वर पाहून म्हणाला, "सावकाश होऊ द्या, महाराज. आम्हांला घाई नाही."

"तुम्ही जाईपर्यंत आम्ही इथेच आहोत," महाराज वरून म्हणाले.

हे फांदीबद्दल होते की गादीबद्दल, मला अजून उलगडलेले नाही. पण माळ्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि खोटे कशाला सांगू, माझ्याही.

उन्हे कलली तरी दोघे हटेनात. पण जांभळाची फांदी ती, तिला राव कळतो ना रंक. महाराज थेट साहेबावर आले. महाराजांना खरचटलेही नाही. साहेबाचा पाय मोडला. मग महाराजांनी त्याला आपल्या पलंगावर निजवले, हाडवैद्य बोलावला, स्वतःच्या हाताने मुगाची खिचडी भरवली आणि उशाशी बसून विचारले, "साहेब, मूलबाळ काय?"

नाही, असे साहेब कण्हत म्हणाला.

"अरेरे. आणि दत्तक तर तुम्हीच मानत नाही." महाराज माझ्याकडे वळले. "दिवाणजी, साहेबांची बग्गी, घोडा आणि खुर्ची खालसा करा."

मला वाटले थट्टा आहे. चेहऱ्याकडे पाहिले, तर हसू नव्हते. (मडमेची छत्री बग्गीत राहिली होती, ती तेवढी परत केली. स्त्रीधन.) साहेबाला डोलीतून छावणीत पोचवले. आता तिथून पलटण निघाल्याची वार्ता आहे. बाकी क्षेम.

ता. क. हे पत्र घेऊन दारात उभे असलेले स्थूल गृहस्थ म्हणजेच महाराज. पलटण परतेपर्यंत ठेवून घ्यावे. खाट मजबूत द्यावी.

आणखी एक. त्यांच्याखालचा घोडा साहेबाचा आहे. गोठ्यात आतल्या बाजूला बांधावा.

आणि शेवटचे, जिज्जीची क्षमा मागून लिहितो. खालसा करण्याची चाल महाराजांना फार आवडली आहे. तुम्हांला मूलबाळ नाही हे त्यांच्या कानी जाऊ देऊ नका. शेजारची चार पोरे अंगणात खेळती ठेवा, आणि त्यांना 'बाबा' म्हणायला आजच शिकवा.