पश्चात्तापाची ओळ

हा कागद लिहायला मला फार उशीर झाला. त्याबद्दल माझी मुलगी मार्वा हिची, आणि ज्यांना तो वाचत बसावा लागेल त्या सगळ्यांची, आधीच माफी मागतो. माझी बायको आर्विला वारली तेव्हाच, सहा वर्षांपूर्वी, लिहायला हवा होता. रोज टेबल पुसून बसायचो आणि पेन्सिलीला टोक काढून उठायचो.

मी, वेर्ल इफ्रैम जेप्सन, वय त्र्याऐंशी, राहणार अल्डर फोर्क, युटा, कालव्याचा निवृत्त पाटकरी, शिक्षण आठवीपर्यंत, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी गेल्या मंगळवारी तपासले. हृदय ठिकाणावर नाही, पण त्याला कायद्याची हरकत नसते असे ते म्हणाले. आज माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला धास्ती आहे ती मेल्यानंतरच्या दबावाची, आणि ती कलम पाचमध्ये लिहिली आहे. कायद्याचे शब्द चुकले असतील तर अर्थ धरावा.

कलम एक. घर, परसातली जर्दाळूची झाडे आणि घरातले सामान मार्वाला. तळघरातले गव्हाचे डबे ज्याच्याकडे कोंबड्या असतील त्याने न्यावेत. वर्षभराचे धान्य साठवा असे चर्चने सांगितले, आम्ही साठवले. निदान या बाबतीत मी शब्दाबाहेर गेलो नाही. सर्वात खालच्या रांगेतले डबे उघडताना नाक धरावे.

कलम दोन. कालव्याच्या पाण्यातले माझे बारा हिस्से घरासोबतच राहावेत, वेगळे विकू नयेत. आपली पाळी गुरुवारी पहाटे चारला सुरू होते. कालव्याचे दार उघडल्यावर तिथेच उभे राहावे. घरी जाऊन झोपणाऱ्याचे पाणी कुठे जाते ते मी चाळीस वर्षे पाहिले आहे.

कलम तीन. लांब दांड्याचे फावडे माझे नाही. ते एमॉस टिब्सचे आहे. त्याची मुलगी ऑग्डेनला असते, पत्ता स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे, तिला ते पोचवावे. १९४७ आणि ४८च्या उन्हाळ्यात कालव्याला सिमेंट लावायला जी टोळी आली तिचा एमॉस मुकादम होता. काळा माणूस, आणि धर्माने आमच्यासारखाच मॉर्मन, आजीच्या वेळेपासून. दर रविवारी धुतलेला शर्ट घालून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा. धर्मग्रंथ त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. आमच्याकडे प्रार्थनेत पाव आणि पाण्याची तबके बारा वर्षांची पोरे फिरवतात, कारण त्या वयात मुलाला याजकपद मिळते. एमॉसला ते पन्नाशीतही मिळत नव्हते. रंगामुळे. हे देवाचेच म्हणणे आहे असे आम्हाला शिकवलेले होते.

एकदा काठावर डबा खाताना मी त्याला विचारले, "तुला याचं काही वाटत नाही का रे?"

"वाटतं की," तो म्हणाला. "पण मी बोललो तर ती कुरकुर ठरते. तू बोललास तर निदान कोणीतरी मान वर करून बघेल. तू विचार ना, वेर्ल."

मी म्हणालो, "बघू."

ते बघणे एकवीस वर्षे चालले. १९६९ साली रविवारच्या वर्गात मी पहिल्यांदा उभा राहिलो आणि म्हणालो, ही शिकवण देवाची आहे असे मला वाटत नाही. पुढे तीन वर्षे, महिन्याच्या पहिल्या रविवारी, जेव्हा ज्याला वाटेल तो उठून आपला विश्वास बोलून दाखवतो, तेव्हा मी तेच बोललो. दोनदा माझे बोलणे संपायच्या आत ऑर्गन सुरू झाला. १९७२ साली मला पंधरा जणांसमोर बसवले आणि माझे नाव चर्चच्या वहीतून काढले.

तरी एकही रविवार चुकवला नाही. तबक माझ्या हातात येते, मी त्यातले काही न घेता शेजारच्याला देतो. आर्विला पावाचा तुकडा घ्यायची आणि तेवढा वेळ तिचा दुसरा हात माझ्या गुडघ्यावर असायचा. मार्वाचे लग्न चर्चच्या मंदिरात लागले, तिथे वहीत नाव असलेल्यांनाच सोडतात, तेव्हा मला आत जाता आले नाही. मी बाहेर गाडीत बसलो, काचा वर करून, जून महिन्यात. आणि आमच्या धर्मात मंदिरात बांधलेले लग्न मरणानेही सुटत नाही, पण माझे नाव कटले आणि आमची गाठ सुटली. आर्विला गेली ती त्या हिशेबाने एकटीच गेली.

कलम चार. पाणी मोजायची माझी काठी रुलॉन हॅमर याला द्यावी. त्या वर्षांत तो आमचा बिशप, म्हणजे गावच्या चर्चचा प्रमुख, होता, आता त्याहून वरच्या जागेवर आहे, आणि कालव्यावर त्याचे शेत माझ्या शेताच्या खाली आहे. जून १९७८ मध्ये बातमी आली की चर्चने ती शिकवण बदलली, रंग न पाहता सगळ्यांना याजकपद मिळणार. रुलॉन पिकअप घेऊन कालव्याच्या दारापाशी मला शोधत आला.

"बंधू जेप्सन, ऐकलंत का?"

"ऐकलं. आता माझं नाव परत लिहा."

"लिहू की. आनंदानं लिहू. आधी पश्चात्ताप, मग बाप्तिस्मा."

"पश्चात्ताप कशाचा? तुम्ही आज म्हणताय तेच मी म्हणत होतो."

"तुमचं म्हणणं चूक नव्हतं हो. वेळ चुकली. ते वरून यायला हवं होतं, तुमच्याकडून नाही."

"मग मी घड्याळाचा पश्चात्ताप करू का?"

तो हसला. मग मी हसत नाही असे पाहून पिकअपमध्ये बसला. एमॉस त्या बातमीच्या तीन वर्षे आधी वारला होता. शेवटच्या बाकावरूनच.

काठीसोबत रुलॉनला एवढेच सांगावे. माझ्या शेतात पाणी पोचते त्यानंतर नऊ तासांनी त्याच्या शेतात पोचते. ते एकच पाणी असते. म्हणून मी ते चोरले असे त्याने आजवर कधी म्हटलेले नाही.

कलम पाच. ऑगस्टमध्ये मार्वा बोइसीहून चार दिवस आली होती. तिचा चष्मा शोधताना मला तिने लिहिलेल्या अर्जाचा कच्चा कागद सापडला. मी मेल्यावर वर्षभराने पाठवायचा. मंजूर झाला तर कोणीतरी माझ्या नावाने पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेईल, आणि माझे नाव व आमचे लग्न परत जोडले जाईल. त्यात रुलॉनने सांगितलेली ओळ होती: वडिलांनी अखेरच्या दिवसांत आपल्या चुकीचा पश्चात्ताप केला.

मी विचारले, "हे मी कधी केलं?"

"बाबा, आईला तिकडे एकटी ठेवायची का तुम्हाला?"

"नाही. मग खरं लिही."

"खरं लिहिलं तर रुलॉनकाका पुढे पाठवणार नाहीत. एका ओळीचा प्रश्न आहे. तुम्ही तर तेव्हा नसणारच."

"म्हणूनच तर," मी म्हणालो. माझा आवाज चढला. तिने बॅग भरली. त्याला दहा आठवडे झाले, पत्र नाही, आणि फोनवर मला ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे.

म्हणून स्पष्ट लिहितो. बाप्तिस्म्याला माझी हरकत नाही. मला तो हवा आहे. मला आर्विलाच्या शेजारी जागा हवी आहे, जमिनीत आणि त्यानंतरही. तिने माझ्यासाठी शिवलेले मंदिराचे पांढरे कपडे देवदाराच्या पेटीत आहेत. वहीत नाव नसताना ते घालता येत नाहीत, म्हणून मला काळ्या कोटात पुरावे आणि ते कपडे मार्वाने जपावेत. पण माझे तोंड बंद झाल्यावर माझ्या तोंडी ती ओळ घालू नये.

पश्चात्तापाची ओळ लिहावीच लागत असेल तर ही लिहावी, आणि ती मी शुद्धीवर असताना सांगितली आहे: एमॉस टिब्सने सांगितले तेव्हा हा माणूस बोलला नाही, एकवीस वर्षे उशीर केला, आणि त्याचा त्याला मरेपर्यंत पश्चात्ताप होता. यावर अर्ज मंजूर झाला तर ठीक. नाही झाला तर आर्विला मला ओळखते.

मृत्युपत्राची अंमलबजावणी मार्वाने करावी. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही.

सही: वेर्ल इफ्रैम जेप्सन
अल्डर फोर्क, मंगळवार, १३ ऑक्टोबर १९८७

साक्षीदार: थेल्मा क्रूक, शेजारीण. ती म्हणाली, "सही करते, पण रुलॉननं विचारलं तर मी यातलं अक्षर वाचलं नाही, सांगून ठेवते." तिने दोनदा वाचले आहे.

साक्षीदार: लामार बीसली, टपालवाला. तो दारात उभा आहे. याची नक्कल त्याच्याच हाती बोइसीला पाठवतो आहे.

मार्वा, चर्चच्या लोकांसारखे मीही तुला हो की नाही एवढेच विचारतो. माझी ओळ लिहिशील का? कार्डावर एकच शब्द पुरे. नाही असेल तरी कळव, पण लवकर कळव. लामार रोज अकराला येतो. मी फाटकापाशी असतो.