आबांचा खोकला

बुधवार, संध्याकाळ. कान्हे.

पुन्हा तेच. लॅपटॉपवरचं लिनक्स म्हणतं, हार्ड डिस्कवर लिहिता येणार नाही, फक्त वाचता येईल. केबल बदलली, दुरुस्तीची कमांड चालवली, तरी तेच रडगाणं. अरे गाढवा, आधी कॉपी काढायची ना!

आबांचा, माझ्या वडिलांचा आवाज आहे त्या डिस्कवर. भातलावणीला बांधावरून ओरडतायत, "वरच्या खाचरातलं पानी सोड रं!" आणि मधेच तो खोकला. तेवढा खोकला काढून वर्षश्राद्धाला सगळ्यांना ऐकवायचं होतं.

शेवटी लॅपटॉपवर कॉपी उतरली. आता खोकला काढता येईल. कुठून कापायचं ते बघायला रेकॉर्डिंग लावलं. आबा खोकले आणि मी उठलो. पाण्याचा तांब्या भरून आणलासुद्धा.