आईंचा ट्रे

१९ जाने., सोम.
सुपरवायझर म्हणून पहिला दिवस. टेबल नं. २ वर नऊ बायका काजूगर निवडतात, शनिवारपर्यंत दहावी मी होते. त्या नवांत एक आमच्या सासूबाई (सा.बा.). अकरा वर्षांपूर्वी कोरगावच्या या कारखान्यात मला हाताला धरून त्यांनीच आणलं. आज फाटकात सगळ्यांदेखत विचारलं, "आता तुका मॅडम म्हणूचा काय गो?" हशा. मीही हसले. साहेबाने असं हसू नये म्हणे. मग कसं हसायचं?

२१ जाने.
म्हापशाला ट्रेनिंग. सर म्हणाले, घर फाटकाबाहेर ठेवून आत या. मी विचारलं, घर टेबल नं. २ वर बसत असेल तर? त्यांना विनोद वाटला. चुकणाऱ्याला एकटं गाठायचं, आधी कौतुक, मग चूक, मग परत कौतुक. रोज लिहायला ही वही दिली. प्रत्येक पानावर छापलंय, 'आज मी काय शिकलो?' आज शिकले की ट्रेनिंगला जेवण तीनला मिळतं.

२३ जाने.
माल परत आला. पांढऱ्या अख्ख्या गरांत डागी गर, मूठमूठ. खोक्यावर चिठ्ठी टेबल नं. २ ची. शेट म्हणाले, "३१ ला दुपारपर्यंत नाव द्या. कोण असेल तिला निवडीवरून काढायचं. जमत नसेल तर तसं सांगा, दुसरी सुपरवायझर बघतो."
नाव मला तिथेच कळलं. घरी सा.बा. तांदूळ निवडतात आणि त्यांची पाठ वळली की मी परत निवडते. वर्ष झालं. नवऱ्यालाही बोलले नाही.

२७ जाने.
टेबलामागे उभी राहून बघितलं. सा.बा.च्या शेजारी लता. गप्पा मारता मारता त्यांच्या ट्रेमधले डागी गर उचलते, आपल्या डब्यात टाकते. सराईत हात. बाजूला घेऊन विचारलं.
"तुका खबर नाय? अख्ख्या टेबलाक खबर आसा. चेडवाच्या लग्नाक मी आठ दिवस नव्हतंय, तेवाच माल बिघडलो."
"मला का नाही सांगितलंत?"
"तू सून मगे. तुका कोण सांगतला?"
अकरा वर्षं त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसत होते. आंधळी कोण म्हणायची!

२८ जाने.
सरांच्या पद्धतीने केलं. जेवणाच्या सुट्टीत एकटं गाठून म्हटलं, "आई, तुमच्या हाताला काय वेग आहे!" त्या म्हणाल्या, "काय ता घराक सांग." पुढची चूक आणि दुसरं कौतुक तोंडातच राहिलं.
संध्याकाळी चहा आणि उंडा पाव पुढे ठेवला, सुरुवात केली. "घरात कारखानो हाडू नको."
डोळे दाखवूया का? "बरे आसत माझे डोळे." उंडा न खाता उठल्या.

२९ जाने.
नवऱ्याला सांगितलं. तो म्हणतो, "तूच सांग. साहेब तू." आई त्याची!
निवडीवरून काढलं तर पाठवू कुठे? सोलायला सुरी हातात घ्यावी लागते. भट्टीकडे तर नकोच. म्हणजे घरी. चोवीस वर्षं कामावर येणारी बाई, तापातसुद्धा घरी न थांबणारी. नाही काढलं तर लता किती दिवस पुरणार, आणि मी तरी

३० जाने.
बोलले नाही. त्याही नाहीत. सकाळी फाटकापर्यंत दोघी चार पावलांच्या अंतराने चालत आलो. मला रडू येत होतं आणि रागही. माझाच.

३१ जाने., शनि.
आज लवकर गेले, नाव लिहायचं ठरवून. सा.बा. माझ्याही आधी घरातून निघाल्या होत्या. खोलीत त्या एकट्याच, ट्रे पुढ्यात घेऊन. मी दोन हातांवर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं.
"इलंस गो लता?"
मी सुपरवायझरच्या पांढऱ्या कोटात. लताचा ॲप्रन निळा.
"आमच्या सुनेक सांगू नको हां. माका आता काय एक दिसना नाय. तिका कळला तर माका उठवूचा पडतला. ता तिच्यान जावचा नाय. मग तिचा नवीन कामय जायत."
मी लताच्या स्टुलावर बसले. त्यांच्या ट्रेमधले डागी गर उचलायला लागले. लताच्या मुलीच्या लग्नात जेवण कसं होतं ते त्या विचारत होत्या, मी नुसतं हं हं करत होते. थोड्या वेळाने लता आली, मला तिथे बघून दारातच थांबली. मी तिला हातानेच खूण केली, बोलू नको.
साडेअकरा झाले. शेटच्या केबिनबाहेर बसून हे लिहितेय. कागदावर तारीख घातलीय, टेबल नं. २ लिहिलंय. पुढे